पाण्यातला महाल आणि खंदकातली सभा

विद्वानांनी चार दिवस एकत्र बसून बोलावे म्हणून जागा शोधायची झाली, की पाण्याकाठची किंवा पाण्यातली जागा हटकून निवडली जाते. व्हेनिससमोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर बेनेडिक्टीन साधूंचा जुना मठ आहे. व्हित्तोरियो चिनी या इटालियन उद्योगपतीचा मुलगा जॉर्जो १९४९ साली विमान अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ १९५१ मध्ये त्या मठात एक प्रतिष्ठान निघाले आणि तेव्हापासून तिथे इतिहास, संगीत, कला या विषयांच्या परिषदा भरत आल्या आहेत. त्याच खाडीतल्या सान सेर्व्होलो बेटावर पूर्वी मनोरुग्णांचे इस्पितळ होते. तिथे आता आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. कोमो सरोवरात शिरलेल्या भूशिरावरचा व्हिला सेर्बेलोनी हा वाडा १९५९ पासून रॉकफेलर फाउंडेशनकडे आहे. निवडक अभ्यासक तिथे महिनाभर राहतात, लिहितात, रात्रीच्या जेवणाला एकत्र बसून वाद घालतात.

या सगळ्यांमागे एक समजूत आहे. भोवती पाणी असले की बाहेरचा गलबला तुटतो, मन एकाग्र होते आणि विद्या वाढते. समजूत जुनी आहे आणि ऐकायला गोड आहे. ती कितपत खरी आहे, हे तपासायला मला इटलीपर्यंत जायचे कारण पडले नाही.

मी देवगाव रंगारीचा, म्हणजे कन्नड तालुक्यातला. आमच्याकडे पाण्यातला महाल सोडा, उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकले तरी खूप. पण आमचा हा मुलूख सव्वाशे-दीडशे वर्षे ज्या राज्यात होता, त्या निजामशाहीच्या राजांना पाण्यातल्या महालांचे भारी वेड होते. लासूर, गंगापूर करत कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली आणि नेवाशावरून पुढे गेले, की अहमदनगर लागते. त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. शहराच्या आग्नेयेला साधारण तीन किलोमीटरवर फराहबाग उभी आहे. लोक तिला फऱ्याबाग म्हणतात. कोरड्या तलावाच्या मधोमध उभा असलेला हा महाल गेली अनेक वर्षे मी पाहतो आहे, त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. प्रत्येक खेपेला एकच प्रश्न घेऊन परततो. ज्या शहरात फारसी कवी, अरबी पंडित आणि संस्कृत निबंधकार एका दरबाराच्या आश्रयाला होते, त्या शहरातला हा सर्वांत देखणा, सर्वांत एकांताचा महाल विद्येच्या काही उपयोगी पडला का?

आठ स्वर्गांचा नकाशा

महालाची रचना आधी सांगतो. मधोमध उंच दालन, त्यावर घुमट. दालनाच्या चारही बाजूंना उंच कमानींची प्रवेशद्वारे आणि कोपऱ्यांत दोन मजली खोल्या. बाहेरून इमारत अष्टकोनी. तिच्या भोवती विस्तीर्ण तलाव आणि आत जायला एकच बांधीव वाट. दगड, विटा, चुना हे साहित्य इथलेच. नक्षी चुन्याच्या गिलाव्यात काढलेली. तलावात पाणी आणले होते ते दुरून, खापरी नळांनी. नगरच्या परिसरातल्या कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा गावांकडून आलेल्या नळयोजना ही निजामशाहीची मोठी कामगिरी. जमिनीखालून पाणी खेळवण्याची हीच विद्या पुढे मलिक अंबरने आमच्या खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी बांधताना वापरली.

मधल्या दालनाभोवती आठ दालने या आराखड्याला फारसीत ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात, म्हणजे आठ स्वर्ग. तैमूरच्या वंशजांच्या हेरात शहरात हा आराखडा घडला आणि तिथून इराणात नि हिंदुस्थानात पसरला. दिल्लीची हुमायूनची कबर याच घराण्यातली. ताजमहालही त्याच वंशातला. फराहबाग पाहून शाहजहानला ताजची कल्पना सुचली, असे नगरला हौसेने सांगितले जाते. पण हेरातचा नकाशा आग्ऱ्याला पोचायला नगरच्या मध्यस्थीची गरज नव्हती. दोघी एका आजीच्या नाती आहेत, एवढे नाते पुरेसे आहे.

नगरमध्ये फराहबागेच्या आधीही पाण्यातला महाल होता. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याने सोळाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या उत्तरेला एक बाग केली. तलावाच्या मध्यभागी तिथेही अष्टकोनी महाल होता. पुढे त्या बागेचे नावच हश्त बिहिश्त पडले. आज तिथे पडके अवशेष आहेत. म्हणजे पाण्यात जाऊन राहायची या घराण्याची हौस पहिल्या पुरुषापासूनची. आणि हा पहिला पुरुष कोण? फिरिश्ता सांगतो, की अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला. पाथरी आमच्या मराठवाड्यातली, आजच्या परभणी जिल्ह्यातली. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने पूर्वजांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी भांडण काढले आणि ते गाव घेतले. हे राजे आपल्याला परके वाटत असतील, तर पाथरीचा हा कुलकर्णी लक्षात ठेवावा.

महालात कोण बसले

फराहबागेचे काम निघाले मुर्तजा निजामशाहच्या कारकिर्दीत. मुर्तजा १५६५ मध्ये, तालिकोटच्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत, लहान वयात गादीवर आला. कारभार आई खुंजा हुमायून हिच्या हाती होता. मुलाने मोठा झाल्यावर आईला दूर केले. त्याच्या बापाच्या पराक्रमावर लिहिलेले ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे चित्रमय फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांमध्ये राजाशेजारी बसलेल्या राणीची आकृती पुसून टाकलेली दिसते. दरबारातून माणूस जाई तेव्हा चित्रातूनही जाई.

मुर्तजाचा कर्तबगार वजीर चंगेजखान. वऱ्हाडचे राज्य १५७४ मध्ये निजामशाहीला जोडले गेले ते त्याच्या जोरावर. बागेचे काम त्याच्याच काळात सुरू झाले. पण चंगेजखान स्वतंत्र होऊ पाहतो, असा संशय राजाच्या मनात भरवला गेला आणि राजाने त्याला विष दिले. तो निर्दोष होता हे मागाहून कळले तेव्हा राजाला पश्चात्ताप झाला, त्याने राज्यकारभारातून अंग काढून घेतले आणि तो एकांतात राहू लागला, असे फिरिश्ता सांगतो. पुढे काही वर्षे राज्य चालवले सलाबतखान या दुसऱ्या वजिराने. फराहबाग १५८३ च्या सुमारास पुरी झाली ती त्याच्या देखरेखीखाली. नगरजवळच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल म्हणून जी तीन मजली अष्टकोनी इमारत लोक दाखवतात, ती याच सलाबतखानाची कबर.

पाण्यातल्या महालात मुर्तजा काय करी? जिल्हा गॅझेटिअर सांगते, की तो तिथे दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे. या आवडत्याचे नाव फत्तेशाह. त्याच्यासाठी बागेत राजाने वेगळा लाकडी महाल बांधला. फिरिश्ताने आणखी एक हकिकत दिली आहे. विजयनगरच्या लुटीतले दोन रत्नहार फत्तेशाहला द्यावेत, असे राजाने फर्मावले. एवढा मोलाचा ऐवज असा उधळला जाऊ नये म्हणून कारभाऱ्यांनी खोटे हार दिले. राजाला ते कळले. त्याने जामदारखान्यातली रत्ने मांडून ठेवायला लावली आणि त्यांना आग लावून दिली. तेव्हापासून लोक त्याला मुर्तजा दिवाणा म्हणू लागले.

त्याच काळात त्याच शहरात कोण कोण होते, हे पाहिले म्हणजे मन हळहळते. जुहुरी आणि मलिक कुम्मी हे दोन मोठे फारसी कवी इराणातून नगरला आले होते. हिंदुस्थानातल्या मुसलमानी राज्यांचा इतिहास पुढे ज्याने लिहिला तो महंमद कासिम फिरिश्ता लहानपणी बापाबरोबर नगरला आला, इथेच वाढला आणि मुर्तजाच्याच चाकरीत होता. राजा गवयाशी बुद्धिबळ खेळत होता तेव्हा दख्खनचा भावी इतिहासकार पहाऱ्यावर उभा होता.

मुर्तजाचा शेवट १५८८ मध्ये झाला. त्याचाच मुलगा मीरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडून मारले. वर्षभरात मीरानही मारला गेला आणि १५८९ मध्ये नगरला परदेशी लोकांची कत्तल झाली. त्यानंतर फिरिश्ता विजापूरला गेला. जुहुरीने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहला आपले ‘साकीनामा’ अर्पण केले खरे, पण अखेर तोही मलिक कुम्मीसह विजापूरला इब्राहिम आदिलशाहच्या आश्रयाला गेला. फिरिश्ताचा इतिहास ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ या नावाने ओळखला जातो. नगरला वाढलेल्या माणसाच्या ग्रंथाला विजापूरच्या राजाचे नाव लागले.

तात्पर्य, पाणी होते, एकांत होता, सौंदर्य होते, पैसा होता, शहरात विद्वानही होते. सभा मात्र भरली नाही. कारण तलावातली ती एकच वाट कोणाला आत घ्यायचे यापेक्षा कोणाला बाहेर ठेवायचे यासाठी होती. आत बसलेल्या माणसाला ‘महाराज, हे चुकते आहे’ असे म्हणणारा कोणी त्या वाटेने येऊ शकत नव्हता. बुद्धिबळातही राजाला हरवायचे की नाही, हे समोरचा राजाचे तोंड पाहून ठरवीत असेल.

परांड्याचा वर्ग, देवगिरीचा कारकून

मग निजामशाहीत विद्या कुठे वाढली? ती वाढली वाटेवरच्या, ये-जा असलेल्या जागी.

शाह ताहिर हा इराणी पंडित शाह इस्माईलची गैरमर्जी झाल्यामुळे जीव वाचवून गोव्याला उतरला. विजापुरात त्याची कदर झाली नाही. परतीच्या वाटेवर तो आमच्या मराठवाड्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात थांबला. बुऱ्हाण निजामशाहचा गुरू पीर महंमद कामानिमित्त परांड्याला गेला होता. तो शाह ताहिरजवळ टॉलेमीचा ‘अल्माजेस्त’ हा ज्योतिषग्रंथ शिकायला बसला आणि तिथे बराच काळ राहिला. राजाचा गुरू कामाला गेला आणि विद्यार्थी होऊन परतला. त्याने राजाला सांगितले, असा विद्वान मी पाहिला नाही. शाह ताहिरला १५२२ च्या सुमारास नगरला बोलावले गेले. किल्ल्यात त्याची प्रवचने नेमाने होऊ लागली. शहरातले विद्वान येत आणि राजा शेवटपर्यंत बसून ऐकत असे.

ही खरी सभा होती, याचा पुरावा म्हणजे तिच्यात जोखीम होती. बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. त्याआधी त्याने निरनिराळ्या मतांच्या उलेमांना समोरासमोर बसवून शाह ताहिरशी वाद घालायला लावला होता. निर्णय जाहीर होताच शहरात दंगा उसळला. विरोधकांचा पुढारी कोण, तर परांड्याला अल्माजेस्त शिकलेला तोच पीर महंमद. राजाने त्याला कैदेत टाकले. काही वर्षांनी तो सुटला, आणि सुटला तो शाह ताहिरने रदबदली केली म्हणून. गुरूविरुद्ध उठलेल्या शिष्यासाठी गुरूने शब्द टाकला. बुऱ्हाणच्या निर्णयाविषयी कोणाचे काहीही मत असो, ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ हे वचन आपण सभेच्या आमंत्रणपत्रिकेवर छापतो, त्याचा खर्च किती असतो तो या प्रसंगात दिसतो.

दुसरे उदाहरण माझ्या घराच्या आणखी जवळचे. ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्रावरचा प्रचंड संस्कृत निबंधग्रंथ निजामशाहीत लिहिला गेला. त्याचे बारा भाग आहेत आणि प्रत्येकाला ‘सार’ म्हटले आहे. संस्कारसार, आह्निकसार, श्राद्धसार, व्यवहारसार, तीर्थसार असे. कर्ता दलपतिराज. तो स्वतःला निजामशाहचा मंत्री आणि दफ्तर सांभाळणारा म्हणवतो आणि देवगिरीचा उल्लेख करतो. मुसलमान राजाच्या दफ्तराचा प्रमुख दिवसा महसुलाचे कागद पाहतो आणि उरल्या वेळात श्राद्धाचे नि दानाचे नियम बारा भागांत लावतो. पुढे बुऱ्हाणच्याच आश्रयाने साबाजी प्रतापराजाने ‘परशुरामप्रताप’ हा असाच मोठा संग्रह केला. देवगिरीच्या किल्ल्यावर काही दशकांनंतर जनार्दनस्वामी होते आणि पैठणहून आलेला एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्या हाताखाली हिशेब नि परमार्थ दोन्ही शिकला, ही परंपरा मराठी वाचकाला सांगायला नको. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी, शरीफजी ठेवली, तेही याच राज्यात.

या मंडळींपैकी कोणाला पाण्यातला महाल मिळाला नव्हता. त्यांना मिळाले होते दफ्तर, दर्गा, किल्ल्याचा दरवाजा, मठ. जिथे रोज दहा भाषांची, दहा पोटांची माणसे येत-जात, अशी जागा.

खंदकातली सभा

आता मी एक मोठी उडी घेतो, साडेतीनशे वर्षांची. मात्र शहर तेच. नगरचा भुईकोट किल्ला फराहबागेपासून थोड्याच किलोमीटरवर आहे. त्याच्याभोवती रुंद खंदक आहे, म्हणजे तोही एक प्रकारे बेटच. चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवला तो हा किल्ला आणि वेलस्लीने १८०३ मध्ये घेतला तोही हाच.

‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. काँग्रेस कार्यकारिणीतल्या लोकांना आगगाडीत घालून नगरला आणले आणि या किल्ल्यात ठेवले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. एकूण बारा जण.

इथे एकांत सक्तीचा होता. दरवाजाची किल्ली सरकारकडे होती. बाहेर देश पेटला होता, बंगालात दुष्काळात माणसे मरत होती आणि आत यांना भिंतीपलीकडचे झाडही दिसत नव्हते. आझादांची पत्नी जुलेखा बेगम १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला वारली. त्यांना तिचे शेवटचे दर्शन झाले नाही.

आणि तरीही त्या चौकात जे घडले, त्याला मी गेल्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या विद्वत्सभांपैकी एक म्हणतो. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हजारभर हस्तलिखित पाने. आझादांनी मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती तुरुंगातून टाकली गेलीच नाहीत, पण ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ मध्ये छापली गेली. चहा, चिमण्या, संगीत, इतिहास, मृत्यू, सगळे त्यात आहे. नरेंद्र देवांनी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर केले. बौद्ध तत्त्वज्ञानातला हा ग्रंथ त्यांनी पुसँ या पंडिताच्या फ्रेंच आवृत्तीवरून हिंदीत आणला, तेही दम्याचा विकार सोसत. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. घोषांनी प्राचीन भारतीय संस्कृतीवर लिहिले. पट्टाभींनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’ हे पुस्तक केले.

नेहरू प्रस्तावनेत जे सांगतात ते माझ्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. बरोबरचे अकरा जण म्हणजे हिंदुस्थानचा एक छेदच होता, असे ते म्हणतात. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, ओडिया या चालू भाषा तिथे बोलल्या जात आणि संस्कृत, पाली, अरबी, फारसी या जुन्या भाषांचे जाणकार तिथे होते. त्यातल्या आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचे ते नाव घेऊन ऋण मानतात. पुस्तक अर्पणही केले आहे ते नगरच्या किल्ल्यातल्या सहकैद्यांना.

म्हणजे मुर्तजाच्या महालात जे नव्हते, ते इथे होते. समोर बसून खोडून काढणारा माणूस. आझादांना नेहरूंचा इतिहास तपासता येत होता, नेहरूंना नरेंद्र देवांकडून बौद्ध दर्शन समजून घेता येत होते. राजकारणात यांचे एकमेकांशी सगळे जुळत होते असे नाही. पण एका पंगतीला बसून, एकाच चौकात फेऱ्या मारत, रोज बोलावेच लागत होते. आत राजा कोणी नव्हता, सगळेच कैदी. सभेसाठी याहून बरी व्यवस्था मला सुचत नाही, फक्त कुलूप नको होते.

त्या पुस्तकाच्या आरंभी आणखी एक तपशील आहे. वेळ घालवायला नेहरू चौकात बाग करू लागले. खणताना जुन्या भिंती आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे लागले. कैद्यांनी फार खोल खणावे हे अधिकाऱ्यांना पसंत नव्हते, त्यामुळे ते काम पुढे गेले नाही. त्या भिंती निजामशाहीच्याच वस्तीच्या असाव्यात, असे मला वाटते. शाह ताहिरची प्रवचने ज्या आवारात झाली, त्याच आवारात चारशे वर्षांनी कोणी अभिधर्मकोश उलगडत होते, कोणी अरबी-फारसीचे दाखले देत होते. खालची सभा वरच्या सभेला ठाऊक नव्हती.

संस्थेचा रकाना

हे सगळे मला कसे वाचायला मिळाले, तेही सांगणे भाग आहे, कारण लेखाचा मुद्दा त्यातच आहे. मी कॉलेजात इतिहास शिकलो नाही. फारसीची अक्षरओळख पस्तिशीनंतर, खुलताबादच्या एका वृद्ध मौलवींच्या ओट्यावर बसून झाली, तीही ग्रंथ वाचण्याइतकी नव्हे. मला फिरिश्ता भेटला तो डॉ. भ. ग. कुंटे यांनी तो मराठीत आणला म्हणून. ब्रिग्जचा इंग्रजी अनुवाद मागाहून शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ छापले नसते, तर आमच्यासारख्यांना मूळ कागद कसे असतात हेही कळले नसते. या माणसांनी तलावात बांध घातले, ज्यावरून खेड्यातला माणूस चालत आत जाऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेला निबंध पाठवला होता. जागा निसर्गरम्य, भोवती पाणी, राहण्याची सोय उत्तम. अर्जात एक रकाना होता, ‘संस्था’. मी लिहिले, ‘देवगाव रंगारी’. अर्ज परत आला. संस्थेचे नाव नसलेले निबंध विचारात घेता येत नाहीत, असे दोन ओळींत नम्रपणे कळवले होते. निबंध वाईट आहे असे कोणी म्हटले असते, तर मी तो सुधारला असता. पण तो वाचलाच गेला नव्हता. राग आला, तो गेला. प्रश्न राहिला. दलपतिराजाने त्या रकान्यात काय लिहिले असते? ‘दफ्तर, निजामशाही’? आणि पळून आलेल्या शाह ताहिरने परांड्याच्या मुक्कामी काय लिहिले असते?

शिस्त नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संशोधनाच्या नावाखाली गावोगाव काय काय खपवले जाते, ते मी रोज पाहतो. फराहबाग आणि ताजमहालाची कथा त्यातलीच. ती खोडून काढायची तर ती सांगणाऱ्याशीच बोलायला हवे, आणि तो परिषदेच्या बेटावर येत नाही. बांध दोन्ही बाजूंनी लागतो. आतल्या माणसालाही बाहेर येता आले पाहिजे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून ज्या साध्या रीतीने काम केले ती रीत मला म्हणून जवळची वाटते. पाक्षिक सभा भरवायची, ज्याला कागद सापडला त्याने तो मांडायचा, बसलेल्यांनी तपासायचा. राजवाडे कागदांसाठी गावोगाव पायपीट करीत होते ती त्यामुळे सार्थकी लागली. कागद खेड्यातल्या माळ्यावर होते आणि माळ्यावर चढू देणारे लोक खेड्यातलेच होते.

फराहबाग आज संरक्षित स्मारक आहे. तलाव कोरडा आहे, चुन्याची नक्षी झडते आहे. जतन व्हायलाच हवे, त्याविषयी दुमत नाही. तलाव पुन्हा भरावा, दिवे सोडावेत, पर्यटन वाढवावे, असे कोणी सुचवले की मात्र मी थोडा दचकतो. पाणी आटल्यामुळे त्या महालाला एक गोष्ट प्रथमच मिळाली आहे. आता तिथे कोणत्याही दिशेने चालत जाता येते. गुराखी जातो, नगरच्या शाळेतली पोरे जातात, मीही जातो. बांधल्यापासून पहिली काही वर्षे ज्या दालनात एक राजा आणि एक गवई एवढेच बसत, तिथे आता कोणीही उभे राहून वर घुमटाकडे पाहू शकतो.

माझी सूचना लहान आहे आणि खर्चाची नाही. हिवाळ्यातला एक दिवस ठरवावा. रीतसर परवानगी काढून त्या मधल्या दालनाच्या सावलीत सतरंजी अंथरावी. कोणी फिरिश्तातला मुर्तजाचा भाग मराठीतून वाचावा, कोणी ‘नृसिंहप्रसादा’तले व्यवहारसार उलगडावे, कोणी ‘गुबार-ए-खातिर’मधले नगरविषयीचे पत्र मूळ उर्दूत वाचून अर्थ सांगावा. भिंगारच्या एखाद्या जुन्या गवंड्याला बोलावून खापरी नळ कसा बसवतात, चुना किती दिवस भिजवतात ते विचारावे, कारण त्या इमारतीविषयी त्याला जे कळते ते आपल्यापैकी कोणाला कळत नाही. प्रत्येकाला अर्धा तास बोलायला आणि तेवढाच वेळ इतरांना खोडून काढायला द्यावा. दुपारची भाकरी ज्याने त्याने बांधून आणावी.

नावनोंदणीच्या कागदावर दोन रकाने पुरेत, नाव आणि गाव.